आदर्शाशी साम्य नसल्याबाबत

शहापुरातल्या सद्विचारवर्धक कन्याशाळेत एका मास्तरणीची जागा रिकामी झाली, आणि ती लायक उमेदवारानेच भरावी असा गंभीर विचार चालक समितीच्या मनात आला. असे विचार समितीला अधूनमधून येत आणि चहाबरोबर जात. पण या खेपेला अध्यक्ष अप्पासाहेब नुकतेच पुण्याच्या शिक्षण परिषदेला जाऊन आले होते, म्हणून तो टिकला. प्रत्येक माणसापुढे एक आदर्श असला पाहिजे, असं त्यांनी तिथे ऐकलं होतं. अप्पासाहेबांचा शहापुरी लुगड्यांचा व्यापार होता आणि चांगला माल दिसला की तो घाऊक घ्यायचा, ही त्यांची सवय. आल्याबरोबर नियम झाला: उमेदवाराने मुलाखतीत आपला आदर्श सांगावा, आणि शक्यतो चित्रासह सांगावा.

उमेदवारांत वडगावच्या यल्लाप्पा विणकराची मुलगी मालुबाई होती. व्हर्नाक्युलर फायनल पास, अक्षर वळणदार, हिशेब तोंडावर. रंगाने काळी. हे मी सरळच सांगून टाकतो, कारण सावळी, निमगोरी, उन्हाने रापलेली हे शब्द तिच्या आईने, सोनाबाईने, पाहुण्यांपुढे वापरून वापरून पार झिजवले होते. पाहुणे पोहे खात, मुलीच्या अक्षराचं कौतुक करत आणि कळवतो म्हणून निघून जात. एका चिकोडीच्या बिजवराने मात्र मुलगी न बघताच बोलणं लावलं होतं. यल्लाप्पाने लेकीला निक्षून सांगितलं, "दिवाळीपतुर शाळेत लागलीस तर शिकीव. न्हाय लागलीस तर चिकोडी."

चिकोडीबद्दल मालुबाईचं काही वाईट मत नव्हतं. तिला मुलींना शिकवायचं होतं, एवढंच.

मुलाखतीत पहिल्या उमेदवाराने आपला आदर्श म्हणून अप्पासाहेबांच्या कैलासवासी वडिलांचं नाव घेतलं. दुसरीने अप्पासाहेबांच्या पत्नीचं घेतलं. तिसरीने चित्र आणलं नव्हतं, म्हणून तिने नुसतंच अप्पासाहेबांकडे बोट दाखवलं. मग मालुबाई उभी राहिली आणि तिने एका मासिकातून कापून ठेवलेलं चित्र टेबलावर ठेवलं.

"माझा आदर्श मिस ऑगस्टा बेल. अमेरिकेत असत्यात."

"कुणाच्या कोण?" चिटणीस केदारी मास्तरांनी विचारलं.

"गुलामाच्या लेक. ल्हानपणी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. मग शिकल्या, पोरींची शाळा काढली. आता बोलाया उभ्या ऱ्हायल्या की सगळी सभा गप्प बसून ऐकती म्हणं. आमी सूत विणतो, त्यांनी कापूस वेचला. मला त्या आपल्यातल्या वाटत्यात."

समितीत कुजबुज झाली. बेळगावच्या शाळांकडे पुण्याचे आदर्श होते, मुंबईचे होते. एका शाळेकडे तर विलायतेचा होता. अमेरिकेचा आदर्श मात्र अजून कुणाकडेच नव्हता. अप्पासाहेबांचा चेहरा खुलला. तिथल्या तिथे ठराव झाला की उमेदवाराचा आदर्श संस्थेने स्वतःच स्वीकारावा आणि त्याचे मोठे तैलचित्र दिवाणखान्यात लावावे. मालुबाईच्या नेमणुकीचं काय, असा प्रश्न निघाला. त्यावर केदारी मास्तरांनी सांगितलं की आदर्श अद्याप टांगलेला नसताना उमेदवारास कामावर घेणे घाईचे होईल.

मालुबाई हरखून घरी आली. आपण मनात जपलेलं माणूस शाळेच्या भिंतीवर जाणार, याचं तिला नोकरीपेक्षाही अप्रूप वाटलं.

पुढच्या सभेत केदारी मास्तरांनी ते चित्र चष्म्याच्या वरून पाहिलं, खालून पाहिलं, मग खिडकीशी नेऊन पाहिलं. "छापखान्यानं शाई लई सोडलीया," ते म्हणाले. "तोंडावरच पसरलीया. बाकी कोट बघा, कसा स्वच्छ उठलाय." छपाईतील दोष तैलचित्रात दुरुस्त करून घ्यावा, असा ठराव ते लिहायला बसले. मालुबाईला माहिती देण्यासाठी बोलावलेलं होतं. तिने अदबीने सांगितलं, "दोष न्हाय मास्तर. त्या काळ्याच हाईत."

"काळ्या म्हंजे?"

"माझ्यावानी. माझ्यापरीस जरा जास्तच."

मास्तरांनी चित्र पालथं घातलं. मग अप्पासाहेब मायेने म्हणाले, "असं सोताला लावून घिऊ नये, बाळ." केदारी मास्तरांनी ठरावाची भाषा सुधारली: रंग ही आदर्श व्यक्तीची खाजगी बाब असून शाळेच्या भिंतीवर तिची वाच्यता करणे शिष्टसंमत होणार नाही, सबब चेहऱ्यास सर्वमान्य असा गव्हाळ वर्ण द्यावा. विरोधी मत कुणाचंच पडलं नाही. मालुबाईला मत नव्हतं.

चित्राचं काम भरमू पेंटरकडे गेलं. भरमू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. त्याच्या हाताला दोनच बायका यायच्या, एक देवी आणि एक राक्षसीण. त्याने प्रामाणिकपणे आपली अडचण मांडली. "काळी काढली तर दात भाईर काढावं लागतील, आप्पासाहेब. हातच तसा बसलाय." हे ऐकल्यावर राहिलेली शंकाही फिटली. पुढे भरमूच्या डब्यातला गव्हाळ रंग संपला, म्हणून त्याने त्यात पांढरा सफेता कालवला. तो जरा जास्त पडला. कोट परका दिसतो म्हणून अप्पासाहेबांनी आपल्या दुकानातली काळी चंद्रकळा पाठवून दिली, आणि ती किनारीसकट जशीच्या तशी चित्रात उतरवून घेतली. एवढं झाल्यावर नथ नाही हे डोळ्यांत खुपायला लागलं. मास्तरांनी आणून दिलेल्या काळ्या रंगाचं काय केलंस म्हणून कुणी विचारलं, तेव्हा भरमू म्हणाला की थेंबभरही वाया गेला नाही, सगळा लुगड्यात वापरला.

त्याच आठवड्यात यल्लाप्पा विणलेला माल घेऊन अप्पासाहेबांच्या दुकानी गेला. गठ्ठा उचलायला मालुबाई बरोबर होती. अप्पासाहेबांनी एक चंद्रकळा उलगडून उजेडात धरली, पदराचं टोक थुंकी लावून बोटावर घासलं आणि बोट यल्लाप्पापुढे केलं.

"यल्लाप्पा, ह्यो काळा पक्का न्हाय. दोन धुण्यांत फिका पडंल. काळा कसा पायजे? बघणाऱ्याची नजर बुडावी असा. ह्यो माल परत."

मालुबाईला राहवलं नाही. "आप्पासाहेब, लुगड्याचा काळा फिका पडला तर तुमी माल परत करताय. मग त्या चित्रातल्या बाईंचा तुमीच कशापायी धुताय?"

यल्लाप्पाने लेकीचा दंड दाबला. अप्पासाहेब मात्र रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. "लुगडं नेसायचं असतंय, बाळ," ते समजुतीने म्हणाले. "आदर्श बघायचा असतोय."

त्या दिवशी मालुबाई घरी येऊन रडली. सोनाबाईला वाटलं पोर दमली, म्हणून तिने रोजच्यासारखी वाटीत डाळीचं पीठ आणि साय कालवून आणली आणि लेकीच्या तोंडाला चोळली. मालुबाईने ती चोळू दिली. नोकरी हवी होती आणि दिवाळी जवळ आली होती. चेहरा कुणाचाही लागो, नाव तर ऑगस्टा बेलचंच राहील, अशी तिने मनाची समजूत घातली.

अनावरणाला एक सेवानिवृत्त मामलेदार आले. पडदा सरला आणि नथ घातलेली, दुधाच्या सायीसारखी एक कुलीन बाई सभेकडे पाहू लागली. बायकांनी हात जोडले. मामलेदार खुर्चीवरून उठले. "मुद्रेवर तेज केवढं आहे," ते म्हणाले. "शिक्षिका अशी असावी, की मुलींनी भिंतीकडे पाहिलं काय आणि तिच्याकडे पाहिलं काय, एकच दर्शन घडावं." टाळ्या पडल्या. भाषणातलं वाक्य टाळीपुरतं असतं, हे केदारी मास्तरांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते नियम म्हणून उतरवून घेतलं.

मग साम्यतपासणी झाली. उमेदवारांना एकेक करून तैलचित्राखाली, खिडकीच्या उजेडात उभं करण्यात आलं. या वेळी निपाणीहून इंदुताई म्हणून एक नवीन उमेदवार आल्या होत्या. त्या अप्पासाहेबांच्या पत्नीच्या भाची लागत. पण तो योगायोग असल्याची नोंद समितीने आधीच करून ठेवली होती. इंदुताई गोऱ्यापान होत्या आणि चंद्रकळा नेसून आल्या होत्या.

"ऑगस्टा बेल यांच्याविषयी काय सांगाल?" मास्तरांनी विचारलं.

इंदुताईंनी मान वळवून चित्राकडे पाहिलं. "या व्हय? आमच्या मावशींच्या माहेरच्या न्हवं का?"

समितीने एकमेकांकडे समाधानाने पाहिलं. साम्य इतकं की नातं वाटावं. मालुबाईची पाळी आली तेव्हा मास्तरांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि खऱ्याखुऱ्या दुःखाने निकाल वाचला: उमेदवाराने स्वतः सुचविलेल्या आदर्शाशी उमेदवाराचेच कोणतेही साम्य आढळत नाही, हे समितीस खेदपूर्वक नमूद करावे लागते.

"पर आदर्श माझा हाय," मालुबाई म्हणाली.

"होता," मास्तर म्हणाले. "आता तो संस्थेचा आहे. तुम्हाला दुसरा बघावा लागेल."

दिवाळीच्या तोंडावर चिकोडीचा बिजवर निघाला. वाटेत शहापुरात त्याला कुणीतरी सांगितलं की यल्लाप्पाच्या मुलीने दिलेला फोटो शाळेत लागलाय. त्याने जाऊन तो पाहिला. पाहून बाहेर आला तो थेट अप्पासाहेबांच्या दुकानी शिरला आणि जरीकाठी लुगडं घेऊन वडगावात आला. मालुबाईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तो घटाघटा प्याला आणि उत्साहाने म्हणाला, "बरं, आता मुलीला बलवा."

"हीच की मुलगी," सोनाबाई म्हणाली.

"अवो, फोटुतली."

"फोटुतली अमेरिकेत हाय," मालुबाई म्हणाली.

बिजवर लुगड्यासकट परत गेला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मालुबाईला हसू आलं. ते थांबेचना. यल्लाप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. मग तो म्हणाला, "असल्याला पोरगी देण्यापरीस ऱ्हाऊ दे. मागाच्या खोलीत जागा हाय. शिकीव जा."

मालुबाईने तिथे वर्ग भरवला. मासिकातलं ते चित्र तिने खुंटीखाली चिकटवलं, न धुतलेलं. मागाच्या खटखटीत पोरी ओरडून पाढे म्हणत. शाळेत इंदुताईंकडे न येणारी गणितं इथे चुटकीसरशी सुटतात, अशी बातमी अनगोळपर्यंत गेली आणि आया आपणहून पोरी आणून बसवू लागल्या. मालुबाई सुखी होती. हे सांगताना मलाही बरं वाटतं.

एका दुपारी अशीच एक आई पोरीला न्यायला आली. पोरगी पाटी छातीशी धरून म्हणाली, "आई, मी मोठी झाले की मालुबाईंवानी हुनार."

आईचा ऊर भरून आला. तिने पोरीची अलाबला घेतली. "व्हय माझी बाय, अक्षी तशीच हो," ती म्हणाली, आणि दाराबाहेर पाऊल टाकताच तिने पोरीच्या तोंडावरून पदर ओढला. "पर उनात चालू नगं. काळी पडशील."

ही बाई कुठल्याही समितीवर नव्हती. तिचं नाव इथे लिहायचं माझ्या फार मनात होतं. पण लिहिलं असतं, तर वाचणाऱ्यांतल्या निम्म्या घरांनी मला विचारलं असतं, की आमच्या घरातली गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली.