माळ्यावरून मुलं हाकताना

"मुलांची उंची साडेतीन फूट. माळ्याची उंची सात फूट. यात न समजण्यासारखं काय आहे?" लेखकाने बायकोला विचारलं.

बायको एक चप्पल पायात घालून दुसरी शोधत होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि दिवसभर गोळ्या मोजून मोजून तिला कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय पटत नसे. "म्हणजे तू आज माळ्यावर बसून लिहिणार?"

"बसून नाही, पालथा पडून. बॅगा सरकवल्यात, गादी टाकलीय. लॅपटॉप वर, फोन खाली. मुलं माझ्या नजरेत, पण मी त्यांच्या हाती लागत नाही. बाराच्या ठोक्याला लेख जाणार म्हणजे जाणार! लिहून देतो."

"दे बाबा, आज काहीतरी लिहूनच दे," बायको म्हणाली. दुसरी चप्पल तिने सोफ्याखालून ओढून काढली आणि ती गेली.

टोमणा बरोबर जागी लागला, कारण तो खरा होता. पालकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात लेखकाला दरमहा एक पान मिळण्याची आशा होती. संपादकबाईंनी परीक्षा म्हणून तीन लेख मागितले होते. पहिला दोन दिवस उशिरा गेला. दुसरा चार दिवस उशिरा गेला, आणि त्यातही मधेच अडीच ओळी नुसतंच 'ममममम' होतं, कारण धाकटा कीबोर्डवर बसला होता. तिसरा आज बारापर्यंत गेला नाही, तर ते पान एका निवृत्त मुख्याध्यापिकांना मिळणार होतं. विषय होता, 'मुलांना नाही कसं म्हणावं'.

लेखक शिडीने वर चढला, पालथा पडला आणि त्याने पहिलं वाक्य ठोकलं : 'पालकाचा नकार डोंगरासारखा असावा, शांत, ठाम आणि न हलणारा.'

वाक्य त्याला इतकं आवडलं, की पुढची वीस मिनिटं तो तेच वाचत राहिला.

खाली दोन मुलं होती. थोरली सहा वर्षांची. बोलायला लागली तेव्हापासून वाद घालत होती, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणत. धाकटा साडेतीनचा. तो जिथून जाई तिथे मागे काही उभं राहत नसे, म्हणून तो बुलडोझर. विचार वकीलबाई करत आणि अंमलबजावणी बुलडोझर करी. अशी जोडी एखाद्या कार्यालयात असती तर कामं पटापट झाली असती.

अकराला पाच कमी असताना खालून खडखड असा आवाज आला.

"बाबा, आम्हाला शिडी हवीय," वकीलबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"पूल करायचाय. खाली मगरी आहेत."

"नाही," लेखक म्हणाला. शांतपणे, ठामपणे, अगदी डोंगरासारखा. मग त्याने मान बाहेर काढून पाहिलं. शिडी आधीच निघाली होती. ॲल्युमिनियमची हलकी शिडी. पुढचं टोक बुलडोझरच्या खांद्यावर, मागचं वकीलबाईंच्या हातात. मिरवणूक बोळातून आतल्या खोलीकडे वळली.

"ए! परत आणा ती!"

"आणतो ना. मगरी गेल्या की."

"कधी जाणार मगरी?"

"ते त्यांनाच माहीत."

लेखकाने उडी मारता येईल का ते पाहिलं. खाली बुलडोझरने सकाळपासून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची पेरणी केली होती. एकेक ठोकळा टोक वर करून वाट पाहत होता. अनवाणी पायाने त्यावर उभं राहणंसुद्धा कठीण, मग सात फुटांवरून उतरणं सोडाच. लॅपटॉपवरून बायकोला निरोप धाडता आला असता. ती पंधरा मिनिटांत आली असती आणि पुढची पंधरा वर्षं ते सगळ्यांना सांगत राहिली असती. लेखकाने तो विचार मनातल्या मनात पुसून टाकला.

वकीलबाई परत आल्या. माळ्याखाली उभ्या राहून वर पाहू लागल्या. काहीतरी शोध लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"बाबा, बिस्किटं घेऊ?"

"नाही. जेवायची वेळ होत आलीय."

"घेतली तर तू खाली येशील?"

लेखकाने खाली पसरलेल्या ठोकळ्यांकडे पाहिलं.

"येऊ शकतोस का?"

"तो प्रश्न नाहीये."

"तोच प्रश्न आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि आत वळून ओरडल्या, "बुलडोझर! बाबाला उतरता येत नाही!"

ही बातमी घरात पसरायला तीन सेकंद लागले. पुढच्या दहा मिनिटांत बिस्किटांचा डबा, उशा, आईची ओढणी आणि छत्री एकामागून एक बोळातून गेली. लेखक वरून ओरडत होता, "ते ठेव! हे नको! छत्री घरात उघडू नकोस, डोळ्यात जाईल!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी कळलं. फरक इतकाच, की उंट निदान चालतो तरी.

तेवढ्यात फोन वाजला. वकीलबाईंनी तो उचलला आणि सवयीने स्पीकरवर टाकला. संपादकबाई होत्या.

"बाबा आहेत का घरी?"

"आहे. पण माळ्यावर आहे. खाली येऊ शकत नाही."

"का गं?"

"शिडी आमच्याकडे आहे."

"बरं. आणि माळ्यावर काय करतायत ते?"

"नाही म्हणतोय."

"मग?"

"मग काही नाही. आम्ही घेतो."

"बाई!" लेखक माळ्यावरून कंठशोष करत ओरडला. "लेख जवळजवळ झालाच आहे!"

"किती झालाय?"

"सुरुवात जमलीय!"

"हे बघा," संपादकबाईंच्या आवाजात काहीतरी दाबून धरल्यासारखं वाटत होतं, "बारा वाजता पान छपाईसाठी लागतंय. मुख्याध्यापिकाबाईंचा लेख माझ्याकडे आठ दिवस आधीच येऊन पडलाय. आणि तो इतका शहाणा आहे, की वाचताना मला दोनदा जांभई आली. तुमच्याकडे पंचेचाळीस मिनिटं आहेत. ठेवते."

लेखकाने पडद्यावरच्या डोंगराकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. बुलडोझर छत्री उघडून तीत बसला होता आणि बिस्किट खात होता. लेखकाने डोंगर खोडून टाकला आणि लिहिलं : 'मी हा लेख माळ्यावरून लिहितो आहे, कारण माझ्या मुलांनी शिडी नेली आहे.'

बोटं सुटली. गेल्या सहा महिन्यांत सुटली नव्हती अशी. पण चौथ्या ओळीला खाली भोकाड सुरू झालं. मगरीचं काम कोणी करायचं यावरून मारामारी जुंपली होती.

"अरे, मला फक्त अर्धा तास शांतता द्या!"

"त्यात आमचा काय फायदा?" वकीलबाईंनी विचारलं.

रास्त मुद्दा होता. लेखकाने आजूबाजूला पाहिलं. माळा म्हणजे त्या घरातली जप्त मालाची कोठी होती. शिट्टी होती, ढोल होता, रंगीत चिकणमाती दाबायचं खेळण्यातलं यंत्र होतं. आणि मागच्या महिन्यात काढून घेतलेला रंगांचा खोका होता.

"शिडी आणा, रंग देतो."

"शिडी नाही येणार. दारात आडवी अडकलीय. बुलडोझरने फिरवली."

"मी नाय फिलवली!"

"फिरवलीस."

"बरं, बरं! शिडी राहू दे. गप्प बसलात तरी रंग देतो. पण नीट ऐका." इथे लेखकाच्या आवाजात सकाळचा ठामपणा परत आला. मोघम नकार हीच सगळ्या पालकांची चूक, असं त्याला त्या क्षणी वाटून गेलं. नाही म्हणायचं तर जागा दाखवून म्हणावं. "भिंतीवर नाही. फरशीवर नाही. सोफ्यावर नाही. पडद्यांवर नाही. एकमेकांवर नाही. फोनवर नाही. पुस्तकांवर नाही. आईच्या कपड्यांवर नाही. माझ्या कपड्यांवर नाही."

वकीलबाई बोटं मोजत होत्या. "नऊ झाले. संपलं?"

"संपलं."

"नंतर वाढवायचं नाही."

"नाही वाढवत. शब्द?"

"शब्द," वकीलबाई म्हणाल्या. त्या वाद कितीही घालोत, दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता.

लेखकाने बेल्टला खोका बांधून खाली सोडला. आणि काय सांगावं, घरात सामसूम झाली. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. लेखक लिहीत सुटला. मगरी आल्या, छत्री आली, संपादकबाईंचा फोनही जसाच्या तसा आला. बाराला चार मिनिटं असताना त्याने लेख पाठवला आणि डोकं गादीवर टेकलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'कार्यालयात मोठ्याने वाचला. शिपाईसुद्धा हसला, तो कधी हसत नाही. पान लावलं. दरमहा तुमचंच. फक्त एक सांगा, शेवटी मुलांना गप्प कसं बसवलंत?'

लेखकाने लिहिलं : 'सोपं आहे. नाही म्हणजे नेमकं कशाला नाही, ते यादी करून सांगितलं. मुलं ऐकतात हो, आपल्याला सांगता येत नाही.' पाठवून झाल्यावर त्याने ते पुन्हा एकदा वाचलं. पुढच्या महिन्याचं पहिलं वाक्य म्हणून ते वाईट नव्हतं.

साडेबाराला बायको जेवायला घरी आली. दारात अडकलेली शिडी तिने सोडवली, माळ्याला लावली आणि नवरा उतरेपर्यंत धरून उभी राहिली.

"मिळालं पान!" लेखक शेवटच्या पायरीवरूनच म्हणाला. "आणि बघ, मुलांना रंग दिले होते. घर बघ!"

बायकोने घर पाहिलं. दोनदा तपासलं. भिंती स्वच्छ होत्या. फरशी, सोफा, पडदे, सगळं जिथल्या तिथे. मुलं सोफ्यावर शेजारी शेजारी हात धुऊन बसली होती.

"कमाल आहे," ती म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण हा शब्द लेखकाने तिच्या तोंडून प्रथमच ऐकला.

मग ती गार पाणी घ्यायला गेली. फ्रिज आतून निळा होता. सहाही अंडी निळी होती.