गावंडे परीक्षेला बसतात

गेले सात महिने, दर रविवारी सकाळी बरोबर दहाच्या ठोक्याला गावंडे दोन्ही हात वर करून माझ्यापुढे उभे राहत आणि म्हणत, "तपासा, सर." मग मी त्यांचे खिसे तपासायचे. शर्टाचा, पँटचे दोन्ही आणि मागचासुद्धा. एकदा कंटाळून मी मागचा सोडून दिला, तर हा बासष्ट वर्षांचा गृहस्थ चक्क रुसला.

"असं कसं, सर? समजा, मागच्या खिशात चिठ्ठी असती तर?"

"असती तर तुम्हीच ठेवलेली असती ना?"

"पण तिथले पर्यवेक्षक सोडतील का?" 

तपासला बाबा मागचाही. रुमाल निघाला.

गावंडे कोथरूडला आमच्याच सोसायटीत, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे अकोल्याकडचे. इथे एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या, घरात हे आणि मुलगी प्रणाली. निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं, तर गुडघ्यांची तक्रार, पेपरातलं शब्दकोडं, फार तर अष्टविनायक. यांनी केमिस्ट्रीचा अभ्यास काढला! कॉलेजात न जाता, घरच्या घरी. आता तशी सोय आहे म्हणे. आपला आपण अभ्यास करायचा, केंद्रावर जाऊन तीन तासांचा पेपर द्यायचा, पास झालात की त्या विषयाची चार क्रेडिट तुमच्या नावावर. पुढे पदवीला ती धरतात.

"या वयात पदवी घेऊन काय करणार हो?" मी विचारलं.

"पण चार क्रेडिट मिळतात ना, सर," ते म्हणाले. रेशनवर साखर आल्यासारखं.

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. परीक्षेच्या वर्गात मी नुसता खाकरलो तरी शेवटच्या बाकावरची कार्टी ताठ बसत. हे गावंड्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बहुतेक मीच. तर एके दिवशी ते दारात येऊन उभे. "अभ्यास तर होऊन राहिला, सर. भीतीची सवय नाही. तेवढी तुम्ही लावून द्या."

अभ्यास खरंच होत होता, यात वाद नाही. आमच्या पार्किंगच्या जागांचे नंबर हे त्यांना मूलद्रव्यांचे नंबर वाटत. माझी स्कूटर आठ नंबरला, म्हणजे ऑक्सिजनवर. दहा नंबरचे जोशी निऑन, कुणाशी संयोग पावणं नाही. आणि अकरा नंबरचे आमचे सेक्रेटरी?

"सोडियम, सर. पाण्याचा विषय निघाला की पेट घेतात."

टँकरची मीटिंग मी आदल्याच दिवशी पाहिली होती, त्यामुळे हे सूत्र मला लगेच पाठ झालं. आमच्या हिला तर त्यांनी ढोकळा का फुगतो ते अर्धा तास समजावलं. ढोकळा तोवर गार झाला, पण ही म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं शिकवतात." असो.

पण हाच माणूस कागदापुढे बसला की संपला! त्यांच्याच हॉलमध्ये टेबल भिंतीला लावलेलं. त्यावर पॅड, सात पेनं, पाण्याची बाटली आणि तळहाताखाली घडी घातलेला रुमाल, कारण घामानं कागद भिजतो. मी प्रश्नपत्रिका द्यायची, घड्याळ लावायचं आणि येरझाऱ्या घालायच्या. पाचव्या मिनिटाला सुरुवात.

"सर, समजा सातही पेनं बंद पडली तर?"

"बोलू नका!"

"समजा, मधेच लाइट गेले तर?"

"गावंडे, समोर बघा!"

वीस मिनिटं झाली की ते उठायचेच. तोंडानं जे घडाघडा सांगायचे, त्यातली एक ओळ कागदावर नसायची. खुर्चीला धरून उभे राहायचे, चेहरा पांढराफटक. मग म्हणायचे, "नाही जमत, सर. पुढल्या रविवारी." आणि पुढल्या रविवारी पुन्हा हात वर, "तपासा, सर." 

एक मात्र मला कळत नसे. ते मला सारखे म्हणत, "जरा मोठ्यानं ओरडा ना, सर." मी म्हणे, अहो, तीन फुटांवर तर उभा आहे. "नाही, पण मोठ्यानं." मग काय, ओरडायला आम्हाला कोण शिकवणार! वरच्या मजल्यावरच्या जोशांनी एकदा खाली निरोप पाठवला की भांडण मिटलं असेल तर पुन्हा झोपू का. निऑन असून बोलले.

हळूहळू वीस मिनिटांची चाळीस झाली, मग तास झाला. तास झाला त्या दिवशी गावंडे टेबलावर हात आपटून ओरडले, "तास बसलो, सर! काही होत नाही! हात थरथरतो, पण लिहिता येते!" मी म्हटलं, मला कशाला ओरडून सांगता, मी घड्याळ बघतोच आहे. पण पुढच्याच रविवारी पुन्हा वीस मिनिटांत उठले आणि माझा संयम सुटला. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली, रविवारची माझी झोप सात महिने बुडालेली. मी खच्चून ओरडलो, "झेपत नसेल तर सोडून द्या ना! सगळ्यांना सगळं जमलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

गावंड्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मला वाटलं, मुलीसमोर अपमान झाला म्हणून.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. बसा म्हटलं तरी बसेनात. खिशातून दोन हॉल तिकिटं काढून त्यांनी माझ्या हातात दिली. एक त्यांचं, दुसरं प्रणालीचं.

प्रणाली वर्षभर घरातच असते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. 'विचारू नका उगीच,' असं हिनं मला बजावलं होतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी गावंड्यांनी आपण होऊन सांगितलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीच्या पेपरला पोरीचा हात चालेना. वीस मिनिटं कोऱ्या कागदाकडे पाहत बसली आणि उठून घरी आली. ती पुन्हा कॉलेजात गेलीच नाही. दुसऱ्या वर्षाचा तेवढा एक विषय अडलेला. ही नवी सोय कळल्यावर गावंडे तिला म्हणाले, कॉलेजात नको जाऊ, घरून अभ्यास कर, फक्त पेपर दे.

"ती म्हणाली, बाबा, बोलणं सोपं आहे. तुम्ही बसाल तर मी बसेन."

"म्हणजे हे सगळं..."

"ती दाराला कान लावून बसते, सर. पर्यवेक्षकाच्या आवाजाची सवय व्हावी, म्हणून तुम्हाला ओरडायला लावलं. मी वीस मिनिटांत उठतो तेव्हा तिला वाटते, बाबालाही होते असं. आणि मी तास बसलो तेव्हा तिनं दार जरा उघडलं होतं. पण आज तुमचं ते ऐकल्यापासून जेवली नाही बाप्पा."

पस्तीस वर्षांत किती पोरांवर असा ओरडलो असेन, त्यातली किती घरी जाऊन जेवली नसतील, कोण जाणे. मी तसाच चपला घालून समोर गेलो. तिच्या बंद दाराशी उभा राहून म्हटलं, "प्रणाली, मी चुकलो गं. मला स्वतःला बारावीला केमिस्ट्रीत पस्तीस होते." आतून तिनं विचारलं, "प्रॅक्टिकल धरून की सोडून, काका?"

"धरून."

त्या रात्री ती जेवली, असं गावंड्यांनी सकाळी सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी मीही रिक्षात बसलो. केंद्र सदाशिव पेठेत. बापलेकींचे फॉर्म एकदम भरलेले, म्हणून दोघांना एकच खोली मिळालेली. प्रणाली मधे बसली होती, हातात हॉल तिकिटाची पार सुरळी झालेली. गावंडे सारखे पेनं मोजत होते. फाटकाशी तिचे पाय थांबले. गावंडे आधी आत गेले आणि वळून उभे राहिले. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

मी समोर चहाच्या टपरीवर बसलो. वीस मिनिटं झाली, फाटकातून कुणी आलं नाही. अर्धा तास झाला. मी चौथा चहा सांगितला, माझ्या पित्ताला जो मुळीच चालत नाही. तासाभरानं फाटक उघडलं आणि मी ग्लास ठेवून उठलो. पण बाहेर आले ते एकटे गावंडे.

"अहो, काय झालं? ती कुठे आहे?"

"मला काढलं, सर."

"काढलं? का?"

"ती शेजारच्या रांगेत, माझ्या एक बाक पुढे बसली होती. मी सारखा तिच्याकडे पाहत होतो. बाई दोनदा म्हणाल्या, काका, आपल्या पेपरात बघा. मी पाहिलं थोडा वेळ. पण राहवेना. तिसऱ्यांदा त्यांना वाटलं, मी तिचं पाहून लिहून राहिलो. पेपर घेतला आणि जा म्हणाल्या."

माझा पारा चढला. सात महिन्यांचे रविवार, घामानं भिजलेले रुमाल, चार क्रेडिट, सगळं मातीत! आणि कॉपीचा डाग वर! "अहो, मग सांगायचं नाही का, माझी मुलगी आहे म्हणून? चला, मी बोलतो त्या बाईंशी!"

गावंड्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते आणि माणूस हसत होता.

"मोठ्यानं बोललो असतो तर तिनं मान वर केली असती, सर," ते म्हणाले. "ती लिहीत होती."