बाईंचं घर आणि आठ पांढरे खांब

"शनिवारी संध्याकाळपर्यंत बाईंचं घर विकलं नाही, तर मी बोलणं सोडून देईन," असं रेडिओने सकाळच्या चहाबरोबर जाहीर केलं.

"मग नाही विकलं तरी चालेल," बायको म्हणाली.

रेडिओ घरं विकण्याचा धंदा करायचा. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त बँकेला आणि मतदार यादीला माहीत. 'रेडिओ' हे नाव त्याला चौथीत पडलं, आणि ते खुद्द वर्गाच्या बाईंनी ठेवलं होतं. "याचं बंद करायचं बटण कुठे आहे, ते मला वर्षभर शोधून सापडलं नाही," असं त्यांनी त्याच्या वडिलांना सांगितलं होतं. वडिलांनी "आम्हीही शोधतोय" म्हणून हात जोडले होते.

त्याच बाईंचं घर आता रेडिओकडे विकायला होतं. बैठं, तीन खोल्यांचं, पुढे रुंद व्हरांडा आणि समोर थेट समुद्र. डाव्या हाताला गोल्फचं मैदान. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते आणि एकटेपणाचा त्यांना कंटाळा आला होता. दुसऱ्या गावी धाकटी बहीण राहायची. तिच्या शेजारची जागा रिकामी झाली होती, आणि तिथला मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला कसाबसा तयार झाला होता. बाईंच्या दोन बॅगा चार महिन्यांपासून दाराशी भरून ठेवलेल्या होत्या. थंडी वाजली की त्या बॅगेतून स्वेटर काढायच्या आणि सकाळी घडी करून परत बॅगेत ठेवायच्या.

चार महिन्यांत चौदा गिऱ्हाइकं आली आणि चौदा गेली. घरात खोट नव्हती. पण माणूस समुद्राकडे बघायला लागला की रेडिओ त्याला समुद्राची माहिती द्यायला लागायचा. मग वाऱ्याची दिशा, नळाचा दाब, भिंतीची जाडी, शेजाऱ्यांचे स्वभाव. गिऱ्हाईक आधी मान हलवायचं, मग घड्याळ बघायचं, मग "कळवतो" म्हणून जे जायचं ते जायचंच.

शेवटी बाई म्हणाल्या, "हे बघ, शनिवारपर्यंत थांबते. मग दुसऱ्या एजंटाला देते. तुला वाईट वाटेल, पण मला बहिणीकडे जायचंय रे."

रेडिओला खरंच वाईट वाटलं. मार्क कमी पडल्यावरही वाटलं नव्हतं इतकं.

पण याच आठवड्यात गावात गोल्फची मोठी स्पर्धा भरली होती. सगळी हॉटेलं भरली, रस्त्यात टोप्या आणि दुर्बिणीच दिसायला लागल्या. रेडिओने हिशेब मांडला. "एका चेंडूमागे चार-चार तास उन्हात चालायला ज्यांना वेळ आहे, त्यांना घर बघायला वेळ नसेल होय? फक्त पाट्या लावायच्या. लोक आपोआप येतील."

"आणि आले की?" बायकोने विचारलं.

"पुढचं मी बोलतो ना."

"तेच तर," बायको म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओ पाट्या घेऊन बाईंकडे गेला. पाट्या होत्या, पण त्यांना खांब नव्हते. खांब शोधत तो अंगणाच्या डाव्या बाजूला गेला आणि थबकला. तिथली भिंत दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पडली होती. आता त्या जागी एका रांगेत आठ पांढरे खांब रोवलेले होते. नवे कोरे, ओळंब्यात.

दुसऱ्या कोणी ते बघून गोल्फ म्हटलं असतं. पण रेडिओचा जन्म जमिनीच्या व्यवहारात गेला होता. आज खांब रोवतो तो उद्या तार ओढतो आणि परवा कोर्टात जातो, हे त्याला पाठ होतं. "अतिक्रमण," तो स्वतःशीच म्हणाला. "एकट्या बाईमाणसाला बघून अंगण गिळायला निघालेत." त्याने शर्टाच्या बाह्या सारल्या आणि आठही खांब उपटले. मग त्याच खांबांवर 'विकणे आहे. समुद्रासमोर' अशा पाट्या ठोकून ते रस्त्याच्या कडेला ओळीने उभे केले. बाईंची जमीन वाचली आणि पाट्यांची सोयही झाली, म्हणून तो शीळ घालत घरी गेला.

शनिवारी दुपारपर्यंत सहा माणसं आली. पाच जणांना स्वच्छतागृह हवं होतं. सहावा पार्किंग विचारत होता. रेडिओने सहाही जणांना घर दाखवलं.

चारच्या सुमाराला मात्र दातांच्या एक डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान आले. दोघं गोल्फ बघायला आले होते, पाटी बघून वळले. बाईंनी त्यांना व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांवर बसवलं. रेडिओने घसा साफ केला.

"आता या घराच्या सात मोठ्या जमेच्या बाजू आहेत. पहिली म्हणजे..."

ठक्क.

काहीतरी पायरीवर आपटलं, उडालं, घरंगळत आलं आणि डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीच्या पायाला टेकून थांबलं. गोल्फचा चेंडू होता.

"पहिली म्हणजे..." रेडिओने पुन्हा सुरू केलं. तेवढ्यात पडक्या भिंतीच्या जागेतून माणसं आत यायला लागली. आधी एक खेळाडू, त्याच्यामागे पिशवी उचलणारा, मग एक पंच आणि मग निदान तीनशे लोक. सगळ्यांत पुढे जाडजूड चष्म्याच्या एक स्वयंसेविका होत्या. त्यांनी हातातली पाटी रेडिओच्या नाकासमोर धरली. पाटीवर लिहिलं होतं: शांतता.

"अहो, पण हे माझं..."

"शू," त्या म्हणाल्या. "पलीकडे दुसरे खेळाडू नेम धरून आहेत."

"कोणी हलू नका," पंच हलक्या आवाजात म्हणाले. "बाई, तुम्ही अजिबात उठू नका. खुर्ची हलली तर चेंडू हलेल."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

पंचांनी आजूबाजूला बघितलं. मग पुस्तिका काढली, मग पुन्हा आजूबाजूला बघितलं. "हद्दीचे पांढरे खांब होते ना इथे? खांबाबाहेर चेंडू गेला की बाद. पण खांबच दिसत नाहीत."

अतिक्रमण म्हणून आपण काय उपटलं, ते रेडिओला आत्ता कळलं. त्याने खुलासा करायला तोंड उघडलं. पाटी पुढे आली. त्याने तोंड मिटलं.

पंचांनी मोठ्या पंचांना बोलावणं धाडलं. मोठे पंच मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होते. ते येईपर्यंत सगळे जागच्या जागी उभे राहिले.

असा अर्धा तास गेला.

रेडिओच्या आयुष्यातला इतका लांब अर्धा तास दुसरा नव्हता. सात जमेच्या बाजू त्याच्या घशाशी येऊन एकमेकींना ढकलत होत्या. समोर गिऱ्हाईक बसलेलं आहे, उठूही शकत नाही, आणि आपल्याला चकार शब्द काढता येत नाही. असं ताट वाढून हात बांधल्यासारखं त्याला कधी झालं नव्हतं. त्यात डॉक्टरीणबाईंच्या यजमानांनी डोळे मिटून मान मागे टाकली. 'कंटाळला,' रेडिओच्या मनात आलं. 'गेलं हेही.' बाई दारात उभ्या होत्या, शेजारी त्यांच्या दोन बॅगा. त्याला तिकडे बघवेना.

म्हणून तो समोर बघायला लागला. लाट येत होती, वाळूवर पसरत होती, परत जात होती. आतल्या खोलीतलं घड्याळ टिकटिकत होतं. या घरात घड्याळ आहे हे त्याला चार महिन्यांत कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चेंडूला धक्का न लावता, अगदी हळूच, पायातल्या चपला काढल्या.

मोठे पंच आले. त्यांनी मोकळी जागा बघितली, पुस्तिका बघितली. "खांब नाहीत म्हणजे हद्द नाही. आहे तिथून खेळा," ते म्हणाले. चौघांनी मिळून खुर्ची अलगद उचलली. खेळाडूने व्हरांड्यातून चेंडू मारला, तो कुंड्यांवरून मैदानात गेला, टाळ्या झाल्या, आणि आले तसे तीनशे लोक निघून गेले.

रेडिओने छाती भरून श्वास घेतला. "तर पहिली म्हणजे..."

डॉक्टरीणबाईंनी बोट वर केलं. हे बोट भल्याभल्यांनी खुर्चीत बसून मुकाट मानलेलं असणार. "मिटा," त्या म्हणाल्या. "हे घर आम्ही घेतोय."

रेडिओचं तोंड मिटायच्या ऐवजी उघडंच राहिलं.

"आजवर अकरा घरं बघितली," यजमान म्हणाले. त्यांना उठून बसायलाही नको वाटत होतं. "प्रत्येक घरात कोणी ना कोणी आम्हाला सांगत होतं, की इथे किती शांतता आहे. ती ऐकू आली फक्त इथे."

बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि डोळे पुसले. मग पटकन आत जाऊन बहिणीला फोन लावला. "जागा दुसऱ्या कोणाला देऊ नका म्हणावं त्या मालकांना. येतेय मी," एवढंच त्या म्हणाल्या, पण तीनदा म्हणाल्या.

इतक्यात मोठे पंच परत आले. त्यांच्या हातात पांढरा खांब होता आणि त्यावर पाटी होती: विकणे आहे. समुद्रासमोर.

"हे कोणाचं काम?" त्यांनी विचारलं.

आता बोलायला कोणाचीच मनाई नव्हती, तरी रेडिओने चौथीतल्यासारखा नुसता हात वर केला.

"माझ्या वर्गातला आहे," बाई आतून आल्या. "शिक्षा करा, पण फार रागावू नका. आज पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागलाय."

पंचांनी विचार केला. चष्म्याच्या स्वयंसेविकांना उन्हाने चक्कर आली होती आणि रविवारी अंतिम फेरीला माणूस कमी पडत होता.

रविवारी सकाळी रेडिओने आठही खांब होते तिथे रोवले. मग तो 'शांतता'ची पाटी डोक्यावर धरून, ओठ मिटून, चार तास, जिथे खेळ संपतो त्या शेवटच्या हिरवळीपाशी उभा राहिला. टीव्हीवर तो एकूण सतरा वेळा दिसला. बायकोने शेजाऱ्यांना हाका मारून बोलावलं. मेहुण्याने तर ते मोबाईलवर उतरवून घेतलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायकोने पाणी पुढे केलं. "बाईंचा फोन होता," ती म्हणाली. "त्यांनीही बघितलं टीव्हीवर."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सापडलं एकदाचं बटण."

रेडिओने यावर एक सविस्तर खुलासा तयार ठेवला आहे. अजून तरी तो ऐकून घ्यायला कोणी बसलेलं नाही.