ठिपक्यांचा वॉकिंग ट्रॅक

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! हे मी स्वतःच्या कौतुकानं सांगत नाहीये, आमच्या कॉलनीचं तसं एकमत आहे. मागच्या वर्षी कोपऱ्यावर सीसीटीव्ही बसवायचा विषय निघाला, तेव्हा किशनराव काका भर मीटिंगमध्ये म्हणाले, "कॅमेरा कशाला पायजे ओ? राजेश्री हाय की! कॅमेऱ्याला निदान लाईट लागती." सगळे हसले. मीही हसले, पण हसता हसता मीटिंगला कोण उशिरा आलं ते बघून ठेवलं.

त्यातून मी एम.ए. भूगोल. नकाशावाचनात कॉलेजात पहिली! कागदावरच्या चार वाकड्या रेघा दाखवा, टेकडी कुठली, ओढा कुठला आणि पायवाट कुठली हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मला विसरायचं आहे.

तर ही नजर एवढी तिखट झाली ती आमच्या निकितामुळं. वय वर्षं चार. ते पाय नाहीत, स्प्रिंगा आहेत! कॉलनीत पोरांना खेळायला जागा एकच, ती म्हणजे रस्ता. आणि त्या रस्त्यावरून वाळूचे टिप्पर, उसाच्या ट्रॉल्या आणि हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला आलेली मोटारसायकलवाली पोरं. त्यामुळं मी स्वयंपाक करते तो एक पाय ओट्याशी आणि एक पाय गेटपाशी ठेवून. हातात उलथणं असतंच. पोळीची एक बाजू होते, दुसरी जळते. आमच्या घरात गेल्या दोन वर्षांत दोन्हीकडून भाजलेली पोळी कुणी बघितलेली नाही.

आणि गंमत म्हणजे आमच्या दारासमोरच ओपन स्पेस! लेआउटच्या नकाशात हिरवागार रंग देऊन त्यावर झोकात लिहिलेलं, 'बगीचा'. प्रत्यक्षात वेडी बाभूळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि सहकुटुंब राहणारी डुकरं. मी नगरपरिषदेत अर्ज केला. घसरगुंडी, सावलीची झाडं आणि बायाबापड्यांना फिरायला एक वॉकिंग ट्रॅक. आठ महिने हेलपाटे घातले. तिथले इंजिनियर योगीराज साहेब तरुण आणि भले. दर वेळी म्हणायचे, "ताई, मंजूर झालं की पहिला फोन तुमालाच!"

फेब्रुवारीत जेसीबी आला आणि बाभळी काढून जागा तळहातासारखी करून गेला. मी आनंदानं शिरा केला. (तोही लागला.) पण पुढं महिनाभर काहीच नाही! फोन नाही, माणूस नाही. किशनराव काका रिटायर तलाठी. जमीन या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. ते रोज सकाळी त्या मोकळ्या जागेकडं बघून मान हलवायचे. "सूनबाई, साफ केलेली जागा लय वाईट. घाण होती तवर सरकारची होती. आता कुणाचा ना कुणाचा डोळा पडणार."

झालं! माझ्या डोळ्याला डोळा लागेना.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी मानवतला माहेरी चुलतबहिणीच्या हळदीला गेले होते. दिवसभर निकितानं माझ्या फोनवर कार्टून बघितलं, त्यामुळं दुपारीच फोनचा जीव गेला. दिवेलागणीला परत आलो, जेवलो, झोपलो. रविवारी सकाळी सहाला दार उघडलं, समोर बघितलं आणि माझ्या हातातला झाडू खाली पडला.

ओपन स्पेसवर पांढऱ्याफेक रेघा! लग्नाच्या मांडवाला, कबड्डीच्या मैदानाला मारतात ना, ती फक्की! मोठाल्या गोल रेघा, त्यांच्या कडेनं ओळीनं चौकोन, मधे एक लांबडा चौकोन आणि जागोजागी लाकडी खुंट्या ठोकलेल्या.

"मम्मी, घसरगुंडी!" निकिता लांबड्या चौकोनाकडं बोट दाखवून ओरडली.

"गप गं! घसरगुंडी कुठली, प्लॉट पाडलेत मेल्यांनी!" मी म्हणाले. नकाशावाचनात पहिली आलेली बाई, चार वर्षांच्या पोरीचं कशाला ऐकेल?

मी धावत किशनराव काकांकडं. काका दात घासत बाहेर आले, चौकोन पावलांनी मोजले, तोंडातला फेस थुंकला आणि निकाल दिला. "तीन बाय तीन. हे प्लॉट न्हाईत सूनबाई. हे गाळे हायेत!"

"गाळे?"

"टपऱ्या! चोवीस टपऱ्या! आन् मधला लांब चौकोन दिसायलाय ना? ते परमिट रूम आसंल."

माझ्या पोरीच्या घसरगुंडीच्या जागी परमिट रूम! मी घरात जाऊन ह्यांना हलवलं. आमचे हे, हरिओम, हायस्कूलला शिक्षक. रविवारी त्यांना उठवणं म्हणजे बैलगाडी चढावर ढकलणं.

"अगं, योगीराज साहेबांना विचार तरी आधी," ते डोळे न उघडता म्हणाले.

"फोन बंद आहे!"

"साहेबांचा?"

"माझा! चार्जिंगला लावलाय आत्ता."

"मग माझ्यावरून लाव."

"नंबर माझ्या फोनमध्ये आहे!"

"मग चार्जिंग होऊ दे की."

"तोवर तिथं दारू विकायला लागतील!"

हे कूस बदलून झोपले. इकडं मी घरोघर कड्या वाजवत सुटले. पहिल्या घरी मी 'टपऱ्या' म्हणाले होते. पाचव्या घरून बातमी माझ्याकडंच परत आली, तेव्हा तिथं दुमजली लॉज झालेला होता! मीसुद्धा दचकले. म्हटलं, लॉजचं मला कसं काय दिसलं नाही?

साडेसहाला सगळ्या बाया ओपन स्पेसच्या कडेला जमा. किशनराव काका दगडावर उभे राहिले. "हे बगा, जमिनीच्या कामात कागद मागून, वहिवाट आधी! जिथं रोज सडा पडतो, रांगोळी पडती, ती जागा आंगण झाली. आन् लोकाच्या आंगणात कोण टपरी टाकायलाय? बघूच!"

एवढंच सांगायचं होतं. पुढचं बायांना शिकवावं लागत नाही! शेजारच्या तानुबाईंच्या दोन म्हशींचं सगळं शेण आलं, बादल्या आल्या, खराटे आले. आमच्या सासूबाई बायनाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्या पदर खोचून सगळ्यांत पुढं. "व्हा मागं! सडा आसा टाकतेत व्हय? ह्यो सडा हाय का देवाचं तीर्थ?" अर्ध्या तासात फक्कीचा कण उरला नाही. जमीन अशी सारवली की म्हशींनीसुद्धा पाय पुसून यावं! वर कमलबाईंनी चारी कोपऱ्यांवर झकास रांगोळ्या घातल्या. कमलबाई म्हणजे तालुक्याच्या रांगोळी स्पर्धेत तीनदा पहिल्या.

"आणि त्या खुंट्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

"बंबात घातल्या," आत्याबाई म्हणाल्या. "वाळलेलं लाकूड हाय, पाणी झकास तापतंय."

पुरावाही नष्ट! मी कमरेवर हात ठेवून सगळीकडं विजयी नजर फिरवली. मग घरात गेले. फोन चालू झाला होता. सतरा मिस्ड कॉल. सतराच्या सतरा योगीराज साहेबांचे.

अठरावा माझ्या हातातच वाजला.

"ताई! आवो होतात कुठं? पेढे काढा! काल रात्री जीपच्या उजेडात तुमच्या ट्रॅकची आखणी करून आलाव. चोवीस झाडांचे खड्डे, घसरगुंडी, सगळं फक्कीनं आखलंय. बघितलं का न्हाई?"

"ब... बघितलं."

"कसं वाटायलंय?"

"स्वच्छ," मी म्हणाले.

"हां, तर मार्चएंड हाय, म्हणून मोठे साहेब आज रविवारी पण यायलेत, अकरा वाजता. आखणीचा फोटो आजच अपलोड करायचा. न्हाई झाला तर निधी परत गेला समजा. मग पुढच्या वर्षी बघू. ठेवू?"

मी फोन ठेवला नाही. तो पडला.

बाहेर आले आणि रडक्या आवाजात सगळं सांगितलं. मग किशनराव काका म्हणाले, "मी म्हणलोच होतो, आधी फोन लावावा म्हणून!"

आता आठ वाजलेले. निकिताचा बगीचा शेणाच्या सड्याखाली, खुंट्या बंबात, आणि नकाशा योगीराज साहेबांच्या बॅगेत! रविवारमुळं फक्कीचं दुकान बंद. तेवढ्यात कमलबाई पुढं आल्या. "पाडव्याला इकायला दोन पोती रांगोळी आणून ठिवलीय म्या. काढा की परत! गोल रेघ तर हाय, त्यात काय मोठं?"

त्यांचे पाय धरायचेच काय ते बाकी होते. मी नकाशावाली, म्हणून गच्चीवर टाकीपाशी उभी राहून वरून सांगायचं आणि खाली बायांनी रेघा ओढायच्या, असं ठरलं. निकिताला टाकीच्या पाइपाला ओढणीनं बांधलं. (सैलसर. गाठ तीनदा तपासली.)

"कमलबाई, सरळ या... आता एक मोठा गोल!"

कमलबाई जागच्या हलेनात. "ठिपके?"

"ठिपके कशाला? गोल काढायचाय!"

"ठिपक्याबिगर माझा हात चालत न्हाई. पंधरा ते आठ घालू का?"

"अहो, वेळ नाही!"

"मग रेघा तूच ओढ, बाई."

घातले पंधरा ते आठ! दोन दोन ढांगांवर एक ठिपका, अख्ख्या मैदानभर. मग जोडणी. मी वरून ओरडले, "डावीकडं घ्या, डावीकडं!" निम्म्या बायांची तोंडं माझ्याकडं, निम्म्यांच्या पाठी. सगळ्या आपापल्या डावीकडं गेल्या. दोन रेघा एकमेकींना धडकायला आल्या, तेव्हा कमलबाईंनी मधेच एक पाकळी टाकून त्यांची समजूत घातली. मग त्या पाकळीला जोडी हवी म्हणून पलीकडं दुसरी. दोन पाकळ्या बऱ्या दिसेनात म्हणून आठ! मी घसा फोडून सांगत होते, "अहो, माणसं चालायचीत त्यावरून!" खालून उत्तर आलं, "चालू दे की! नक्षी पुसत न्हाई आता!"

पावणेअकराला मी वरून बघितलं. बगीचा कुठंच नव्हता. भलंमोठं ज्ञानकमळ होतं!

अकराला जीप आली. योगीराज साहेब उतरले, त्यांनी मैदान बघितलं, हातातला नकाशा बघितला, नकाशा उलटा धरून बघितला. त्यांच्या तोंडाचा रंग खालच्या रांगोळीसारखा झाला.

"ताई," ते कुजबुजले, "माझी आखणी कुठाय?"

"बंबात," आत्याबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

तेवढ्यात मोठे साहेब उतरले. चष्मा पुसून त्यांनी दोन मिनिटं नुसतं बघितलं. आठ महिन्यांचे हेलपाटे, निकिताची घसरगुंडी, सगळं त्या दोन मिनिटांवर लटकलेलं.

"हे कुणी केलं?"

किशनराव काका चपळाईनं झाडामागं जायला निघाले, पण झाड नव्हतं.

"आमी केलं, साहेब," कमलबाई पदर सावरत म्हणाल्या. "शुभ आसतंय. एका रेघेत काढलंय, हात न उचलता!"

"अप्रतिम!" साहेब म्हणाले. "योगीराज, बघा! याला म्हणतात लोकसहभाग! आणि हा एकेक ठिपका म्हणजे एकेक झाड ना, ताई?"

"हो!" मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

साहेबांनी आमच्या गच्चीवर येऊन फोटो काढला आणि जागच्या जागी अपलोड केला. योगीराज साहेब घाईघाईनं म्हणाले, "सर, जरा दुरुस्ती करून..." साहेब म्हणाले, "एकदा अपलोड झालं की बदल नाही."

आणि खरंच, बदल झाला नाही! कंत्राटदारानं फोटो समोर धरून रेघ न् रेघ सिमेंटचे गट्टू बसवले. जुलैत प्रत्येक ठिपक्याला एक झाड लागलं. कडुनिंब, करंज, बकुळ मिळून एकशे एकोणसत्तर! घसरगुंडी कमळाच्या बरोबर मधोमध आली. निकिता आता दिवसभर तिथंच असते, आणि मला उलथणं घेऊन गेटवर उभं राहावं लागत नाही.

अडचण एवढीच, की हात न उचलता काढलेल्या रांगोळीला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. ट्रॅक सगळीकडं जातो, फक्त गेटकडं जात नाही. गवतावर पाय ठेवायला बंदीची पाटी. आणि किशनराव काका पडले कायद्याचे माणूस! पहिल्या दिवशी सकाळी सहाला आत शिरले ते आठ वाजले तरी फिरतच. काकू गेटवरून ओरडल्या, "आवो, च्या गार व्हायलाय!" आतून क्षीण आवाज आला, "आलो, आलो! पाचव्या पाकळीत हाय!"

शेवटी मी पुन्हा अर्ज केला. बाहेर पडायला सरळ एक वाट द्यावी. या वेळी चारच महिन्यांत मंजूर! परवा संध्याकाळी योगीराज साहेबांचा फोन आला, आणि तो मी पहिल्याच रिंगला उचलला. "ताई, आखून आलाव. दोन रेघा आन् आठ खुंट्या. उद्या सकाळी गट्टू येतेत. तेवढं लक्ष ठेवा, बरं का!"

"माझ्या नजरेतून काही सुटत नाही, साहेब!" मी म्हणाले.

काल पहाटेच उठून बगीच्याच्या गेटपाशी गेले. जमीन ओली, सारवलेली, लख्ख. वर पाच पाकळ्यांचं एक टुमदार कमळ.

मी धावत घरात आले. "आत्याबाई! तिथल्या रेघा?"

"मेल्यांनी परत पांढरं करून ठिवलंतं," आत्याबाई मोठ्या समाधानानं म्हणाल्या. "तू झोपलेली, म्हणलं, कशाला उठवावं? म्या एकलीनंच निस्तरलं."

"आणि खुंट्या?"

"आंगूळ करून घे आधी," त्या म्हणाल्या. "पाणी कडक हाय."