तळमजल्यासाठी लोच

विद्याधर सोनटक्क्यांच्या दोन फुटी फिशटँकमधल्या माशांनी तळमजल्यावर लोच जातीचा मासा ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला आणि उमेदवार आणायची जबाबदारी सोनटक्क्यांवर टाकली. महिनाभरात योग्य लोच न मिळाल्यास सर्व रहिवासी समोरच्या डेंटिस्टच्या टँकमध्ये राहायला जातील, असंही ठरावात होतं.

सोनटक्के हादरले. साताऱ्यात भूमापन कार्यालयात नोकरी, वय एकावन्न, लग्न केलेलं नाही. संध्याकाळी बोलायला काय ती ही मंडळी. ती गेली असती तर घर खायला उठलं असतं.

"पण लोचच का?" त्यांनी विचारलं.

"खाली पडलेलं अन्न कुजतंय," सेक्रेटरी म्हणाला. हा गुरामी, टँकमधला सर्वांत पोक्त मासा. "तळाशी राहणारा हवा. मिशीवाला, स्वभावाने गरीब. झाडं उपटणारा नको."

शनिवारी सकाळी मासेविक्रेते नजीर मुल्ला पिशव्या घेऊन आले आणि उभेच राहिले, कारण घरात खुर्ची एकच होती.

पहिला आला क्लाउन लोच. नारिंगी, काळ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा. टँकमधली चिमुकली टेट्रा मंडळी लगेच भाळली. सेक्रेटरीने विचारलं, "वडील केवढे होते?"

"फूटभर," लोच अभिमानाने म्हणाला. त्याला पिशवीत परत पाठवण्यात आलं.

योयो लोच बोलायला गोड होता. पण मुलाखत चालू असतानाच त्याने एका टेट्राच्या शेपटीचा तुकडा तोडला, आणि सवय आहे म्हणाला.

तिसरा कुली लोच. गांडुळासारखा बारीक, अंगावर चॉकलेटी पट्टे. वाळू बारीक आहे ना, एवढंच त्याने विचारलं. तो सगळ्यांना पसंत पडला.

"किती देऊ?" मुल्लांनी विचारलं.

"एकच. एकट्याला काय होतंय?" सोनटक्के म्हणाले.

मुल्ला काहीतरी बोलणार होते, पण खुर्चीकडे बघून त्यांनी एकच पिशवी पुढे केली.

एकटा कुली टँकमधल्या लाकडाखाली जो शिरला, तो आठ दिवस बाहेर आला नाही. जेवेना. कमिटीची तातडीची सभा भरली.

"पोटनियम सात," सेक्रेटरीने वाचलं. "एकट्या रहिवाशाला परवानगी नाही. तो आधी बोलायचा थांबतो, मग जेवायचा. मग त्याचं काय झालं ते कुणाला कळत नाही. लोच किमान सहा हवेत."

सोनटक्क्यांनी आणखी पाच आणले. दोन दिवसांत सहाही जण एकमेकांच्या अंगावर लोळू लागले आणि तळ चकचकीत झाला. सोनटक्क्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"विषय क्रमांक दोन," सेक्रेटरी म्हणाला. "काचेबाहेरचा रहिवासी. पोटनियम सात."

"मी माणूस आहे," सोनटक्के म्हणाले.

"पोटनियमात माशांचा उल्लेख नाही."

"सहा जण कुठून आणू?"

"खोली लहान आहे. दोनवर भागवू."

वाईला त्यांची थोरली बहीण प्रभाताई राहायची, भावोजी गेल्यापासून एकटीच. येऊ का, असं तिने दोनदा विचारलं होतं आणि यांनी दोन्ही वेळा जागा नाही म्हणून सांगितलं होतं. फोन लावताना त्यांना लाज वाटली.

"ताई, येतेस का इकडे? कायमची."

ती म्हणाली, "जागा झाली का रे?"

"झाली. फक्त मुलाखत आहे."

रविवारी प्रभाताई आली आणि हातातली पिशवी न ठेवताच टँकसमोर उभी राहिली. सेक्रेटरी काचेजवळ आला. त्याने तिला नीट न्याहाळलं.

"झाडं उपटता का?"

"छे, लावते. कढीपत्त्याचं रोप आणलंय बरोबर."

"ठराव मंजूर," सेक्रेटरी म्हणाला, आणि सोनटक्के शेजाऱ्यांकडे दुसरी खुर्ची मागायला गेले.