वायरीचं जावक टोक

टेबल खिडकीपाशी सरकवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. कुणी म्हणेल, त्यात ठरवायचं काय? पण आमच्या घरात मी आपण होऊन काही ठरवण्याचे प्रसंग इतके कमी आले आहेत, की ते मला तारीखवार सांगता येतील. त्यातला आधीचा म्हणजे लग्नाला दिलेला होकार. (तोही आईने आधीच देऊन टाकला होता. मी फक्त दुजोरा दिला.)

बायको मुलीकडे गेली त्याला आठ महिने झाले. गेली होती दोन महिन्यांसाठी, बाळंतपणाला. मग बाळ मान धरेपर्यंत राहिली, मग ते पालथं पडेपर्यंत, मग रांगेपर्यंत. बाळाच्या प्रगतीबद्दल माझी काही तक्रार नाही, पण पुढे त्याची शाळा आहे, कॉलेज आहे. आता मुलगी पुन्हा कामावर रुजू होणार होती आणि आईने आणखी सहा महिने राहावं असा तिचा आग्रह होता. नाहीतर बाळाला पाळणाघरात ठेवायचं. पाळणाघरवाल्या बाईंनी एक जागा राखून ठेवली होती आणि हो की नाही ते रविवारी दुपारी बारापर्यंत कळवा म्हणून सांगितलं होतं. त्याच रविवारी अकरा वाजता, नेहमीप्रमाणे लॅपटॉपवर एकमेकांना बघताना, बायको मला विचारणार होती, "मग काय करू? राहू का?"

यावर माझं उत्तर ठरलेलं असतं. मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. एकतीस वर्षं कागदांवर "हरकत नाही" असे शेरे वाचून माझ्या तोंडात ते दोन शब्द बसले आहेत. दोनाचे तीन महिने झाले तेव्हाही मी हरकत नाही म्हणालो, तिनाचे पाच झाले तेव्हाही. खरं म्हणजे हरकत होती. शुक्रवारी ऑफिस सुटताना मी शिपायाला "येतो" म्हणतो, आणि सोमवारी सकाळी त्यालाच "आलो" म्हणतो. मधल्या दोन दिवसांत, रविवारचं लॅपटॉपवरचं बोलणं सोडलं तर, माझा आवाज कुणी ऐकत नाही, मी धरून. संध्याकाळी घरी आलो की सवयीने बेल वाजवतो, आत कुणी नाही हे आठवतं, मग खिशातून किल्ली काढतो. हे आठ महिन्यांत सुटलेलं नाही.

तर या रविवारी मी खरं सांगणार होतो. "मला करमत नाही, तू परत ये." वाक्य लहान आहे, पण आठवडाभर सराव केला होता. अडचण एवढीच की लॅपटॉपवर माझ्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार दिसतं आणि दारातून न घासलेली भांडी दिसतात. भांडी घासायला बोलावतोय असं तिला वाटलं असतं. म्हणजे आधी मी अगदी व्यवस्थित आहे हे दाखवायचं आणि मग मी व्यवस्थित नाही हे सांगायचं. खिडकीपाशी उजेड चांगला होता आणि मागे कोरी भिंत होती. (भांडी घासणं हा दुसरा मार्ग होता, हे मला नंतर सुचलं.)

लॅपटॉप मुलीचा, जुना. वायरीशिवाय त्याला इंटरनेट मिळत नाही. तो भाग कधीच बिघडला आहे. कोपऱ्यातल्या फळीवर राउटर, म्हणजे तो दिवे लुकलुकणारा खोका असतो, तिथून एक हातभर वायर लॅपटॉपला जोडलेली असायची. टेबल हलवल्यावर ती अर्थातच पुरेना. मग मुलीच्या खोलीतून एक लांबलचक वायर शोधून काढली. तीही पांढरीच. कपाटामागून हात घालून ती ओढली, परत ढकलली, गुंता झाला तो सोडवला, आणि जास्तीची सगळी वायर ऑफिसातल्या फायलींच्या लाल फितीने घट्ट बांधून कपाटामागे सारली.

शेवटी चित्र असं दिसत होतं: लॅपटॉपमधून एक वायर निघून कपाटामागे जात होती आणि कपाटामागून दोन टोकं खोक्याकडे येत होती. दोन टोकं बघून मी क्षणभर थबकलो. पण लगेच उलगडा झाला. माझं बोलणं इथून तिकडे जाणार आणि तिचं तिकडून इथे येणार. दोन्ही कामं एकाच वायरीतून कशी होतील? कुठल्याही धड ऑफिसात आवक आणि जावक एकाच रजिस्टरात करत नाहीत. मी एका टोकाला "आवक" अशी चिठ्ठी चिकटवली, दुसऱ्याला "जावक", आणि दोन्ही टोकं खोक्याच्या मागच्या भोकांत खोचून दिली. सुटं काही राहिलं नाही की मला बरं वाटतं. जुनी हातभर वायर कुठे गेली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

खोक्याचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले. आत जोरात काम चालू झालं असं मी समजलो. लॅपटॉप मात्र म्हणत होता की इंटरनेट नाही. तेव्हा वाजले होते पावणेअकरा.

आता आमच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. ती येते दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, खिडकीला कान लावल्यावर. तिथूनच बायकोला फोन करता आला असता, हे खरं. पण त्या जिन्यात खोकलं तरी चार मजले ऐकतात. "मला करमत नाही" हे वाक्य मी तिथे उभं राहून म्हणणं शक्य नव्हतं. कंपनीच्या मदत केंद्राला फोन करण्यात मात्र कसलीच लाज नव्हती, म्हणून तो केला.

पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. तिने विचारलं, खोक्यावरचा तिसरा दिवा कसला आहे? मी आत धावलो, बघितलं, बाहेर धावलो आणि हिरवा म्हणून सांगितलं. लुकलुकतोय की स्थिर आहे? पुन्हा आत. मग खोका बंद करून चालू करायला सांगितला. मग लॅपटॉप. मग दोन्ही, पण आधी हा आणि मग तो. मी दारातून आत-बाहेर करत राहिलो. एकदा तर तिने "आपला दिवस कसा चाललाय?" असं विचारलं. ते त्यांना विचारावंच लागतं हे मला माहीत आहे. तरी मी सांगायला लागलो आणि दोन मिनिटं सांगत होतो. आठ महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं.

अकराव्या की बाराव्या फेरीला समोरचं दार उघडलं. समोरच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शाळेच्या गच्चीवर सापडलेल्या पोराकडे बघावं तसं, आणि म्हणाल्या, "फोन माझ्याकडे द्या. मी इथे उभी राहते, तुम्ही आत राहा. ती काय सांगेल ते मी ओरडून सांगते."

व्यवस्था उत्तम होती. फक्त आता सगळं जिन्यातून ओरडून चालू झालं. सव्वाअकरा झाले. मदत केंद्राच्या मुलीने सांगितलं की लॅपटॉपपासून वायर हाताने चाचपत जा, कुठे तुटली आहे का बघा. मी पोटावर पडून कपाटामागे शिरलो. खांदे आत गेले आणि तिथेच अडकले. नाकात धूळ गेली.

बाहेरून बाईंचा आवाज आला. "ती म्हणते, असं जमलं नाही तर माणूस मंगळवारी येईल. आज हवा असेल तर तातडीचं कारण लिहावं लागतं. काय सांगू?"

"महत्त्वाचा कॉल आहे म्हणावं," मी आतून म्हणालो.

"तेवढ्याने भागत नाही. कसला कॉल, विचारतेय."

घड्याळ दिसत नव्हतं, पण पुढे सरकत होतं. तिकडे बायको लॅपटॉपसमोर बसली असेल, मी दिसत नाही म्हटल्यावर माझी हरकत नाही असंच धरून चालेल, आणि बारा वाजता पाळणाघराला नको म्हणून कळवेल. मग आणखी सहा महिने. कपाटामागे पडल्या पडल्या मला ते सहा महिने एकेक करून दिसले आणि माझा धीर सुटला.

"तिला सांगा," मी ओरडलो, "मला बायकोला परत बोलवायचंय. आठ महिने झाले. मला या घरात एकट्याला राहवत नाही."

वर कुठेतरी चालू असलेला नळ कुणीतरी बंद केला. मग बाई फोनमध्ये अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "कौटुंबिक कारण लिहा. अति तातडीचं."

तेवढ्यात लॅपटॉपकडून येणारी वायर माझ्या हाताला लागून संपली. म्हणजे अक्षरशः संपली. लाल फितीच्या गाठोड्यात तिचं दुसरं टोक नीट बांधून ठेवलेलं होतं आणि ते कशालाच जोडलेलं नव्हतं. ती जुनी हातभर वायर होती. लांब वायर खोक्यातून निघत होती, कपाटामागे फिरून येत होती आणि परत त्याच खोक्यात शिरत होती.

बाई आत आल्या. त्यांनी खोक्यामागच्या चिठ्ठ्या वाचल्या, आधी आवक, मग जावक. काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी जावक टोक उपटलं, मला पाय धरून कपाटामागून ओढलं, लाल फीत सोडायला लावली आणि ते टोक लॅपटॉपमध्ये खोचलं. खोक्याचे दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. मदत केंद्राच्या मुलीला त्यांनी काम झाल्याचं कळवलं आणि मला म्हणाल्या, "अकरा पस्तीस झालेत. बसा आणि बोला. मी दार लावून घेते."

मी बसलो. केसांत धूळ होती, बनियनवर लाल फीत लटकत होती आणि ओढाताणीत टेबल फिरल्यामुळे मागे भांडी दिसत होती. पडद्यावर बायको आली. बारीक झाल्यासारखी वाटली.

"अहो, किती वेळ? बरं, जरा थांबा, आधी ऐका..." ती म्हणाली.

"आज तू ऐक," मी म्हणालो. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी प्रथमच उच्चारत होतो, त्यामुळे डोळे मिटून घेतले. तिच्याकडे बघितलं असतं तर हरकत नाही म्हणून मोकळा झालो असतो. "मधे बोलू नकोस. मी मजेत नाही. दर रविवारी खोटं सांगतो. मी घरी येतो तेव्हा बेल वाजवतो आणि कुणी दार उघडत नाही. मला तुझ्याशिवाय करमत नाही. भांड्यांचा यात संबंध नाही, भांडी मी घासीन. तू ये."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. वायर पुन्हा गेली असं वाटून मी डोळे उघडले. बायको पदराने डोळे पुसत होती.

"येते," ती म्हणाली. "बाळाला ठेवू पाळणाघरात. हे एवढं सांगायला आठ महिने लागले तुम्हाला?"

माझा जीव भांड्यात पडला. मी काहीतरी बोलणार होतो, पण ती जरा अवघडून म्हणाली, "मघाशी तेच सांगत होते, तुम्ही ऐकूनच घेईनात. आज व्याही आलेत. म्हणून जावईबापूंनी तुम्हाला मोठ्या टीव्हीवर लावलंय."

तिने कॅमेरा फिरवला. सोफ्यावर मुलगी, जावई, व्याही आणि विहीणबाई ओळीने बसले होते. विहीणबाई नाक पुसत होत्या आणि मधूनमधून नवऱ्याकडे रागाने बघत होत्या. व्याही घसा खाकरून पुढे झुकले.

"साहेब, तुमचा आवाज आज काय स्वच्छ येतोय," ते म्हणाले. "आमच्या इथे शेजारची मंडळीसुद्धा दारात येऊन उभी आहेत."