डावीकडेच वळणारी गाडी

वाटणी कशी करून घ्यावी हे शिकायचं असेल तर शिराळ्यात माझ्या दुकानावर या, असं धैर्यशील गेलं वर्षभर सांगत होता. चहा पाजून सांगत होता. दुकान पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं, त्यामुळं ऐकायला गिऱ्हाईक बांधलेलंच असायचं. मोटार जोडून होईपर्यंत ते बिचारं उठून जाणार कुठं?

भावकीतल्या वीरधवलशी त्याची वाटणी झाली होती. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. थोरले आबासो वीरधवलचे, धाकटे नानासो धैर्यशीलचे. जमिनी कधीच्याच वाटून झाल्या होत्या. राहिली होती एक विहीर आणि ओढ्याकाठचं पत्र्याचं शेड. धैर्यशीलनं तोंड पाडून, मोठ्या त्यागाचा आव आणून शेड वीरधवलच्या गळ्यात मारलं आणि विहीर स्वतःकडं ठेवली. शेडात दोन पिढ्यांची अडगळ कोंबलेली. "घे बाबा, तू धाकटा हायस," असं वर म्हणाला. वीरधवल नुसता हसला. हा गडी कशालाही नुसता हसतो, आणि धैर्यशीलला लहानपणापासून त्याचाच राग आहे.

पुढच्याच महिन्यात वीरधवलनं अडगळ उपसली आणि तळातनं मोटार निघाली.

मोटार म्हणजे काय, लोखंडी घंगाळाला चाकं लावावीत तसा प्रकार. टप नाही, दारं नाहीत, दिवे नाहीत. चारी चाकं अंगाबाहेर उघडी. एक माणूस मांड्या आवळून बसेल एवढीच जागा. उजवीकडची चाकं डावीकडच्यांपेक्षा मोठी, त्यामुळं ती उभी असली तरी डावीकडं झुकलेली दिसायची. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला तेव्हा धैर्यशीलनं हसणारी अकरा तोंडं टाकली.

मग पुण्याहून देवस्थळी नावाचे गृहस्थ आले. जुन्या गाड्यांचा इतिहास शोधणं हाच त्यांचा उद्योग. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चौकटीवर ठोकलेला नंबर कागदावर उतरवून घेतला आणि अमेरिकेला कुणाला तरी पत्र धाडलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं. ही शर्यतीची गाडी होती! तिकडं मातीच्या अंडाकृती मैदानावर अशा गाड्या गोल गोल पळवायचे, आणि फक्त डावीकडं. म्हणून ती चाकं लहानमोठी. दुसऱ्या महायुद्धात कुणा हौशी सोल्जरनं ती बोटीवर चढवून हिंदुस्थानात आणली, लढाई संपल्यावर ती लष्करी भंगाराच्या लिलावात गेली. तिथून पुढचा इतिहास कोरा.

"पण हिचे टायर नंतरचे आहेत, आपल्याकडचे," देवस्थळी टायर चाचपत म्हणाले. "आणि ते एकाच बाजूनं झिजलेत. म्हणजे ही इथं पळालीय. हजारो फेऱ्या! अमेरिकेतसुद्धा कुणी एवढ्या मारल्या नसतील. या भागात कुठंतरी ट्रॅक होता, वीरधवलराव."

मागं डावीकडं एक जाड लोखंडी कडी होती. देवस्थळी म्हणाले, हिला स्टार्टर नसतो, दुसऱ्या गाडीनं ओढून चालू करावी लागते, त्यासाठी ती. गाडीला सारख्या मुंग्या लागत. वीरधवलनं तिची चाकं पाण्याच्या ताटल्यांत उभी केली होती. देवस्थळी म्हणाले, जुन्या काळी वंगणात एरंडेल घालत, त्याच्या वासानं येत असतील. या माणसाकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

वीरधवलचा फोटो पेपरात आला. कॉलेजची पोरं, निवृत्त साहेब, सातारा-कोल्हापूरचे गाडीवेडे, सगळे शेडाकडं. वाटेत विहीर लागायची. तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. धैर्यशीलचं पोट दुखायला लागलं, आणि हे म्हणायची पद्धत म्हणून नव्हे. त्यानं खरोखर दोनदा ओवा खाल्ला.

"विहिरीला बी फेटा बांधा की," बायको संयोगिता म्हणाली. "येतील लोक."

अशात शेडातल्या पत्र्याच्या पेटीत एक जुना फोटो सापडला. तीच गाडी. आत डोळ्यांना मोठा काळा चष्मा, तोंडाला फडकं बांधलेला माणूस. मागं धुराचा लोट आणि हातात चकाकतं काहीतरी घेतलेल्या माणसांची रांग. देवस्थळींनी भिंग लावून सांगितलं: प्रेक्षक, आणि हातात बहुधा करंडक. वीरधवलनं सांगितलं: आमचे आबासो. घरात थोरले तेच, गाडी दुसरं कोण चालवणार?

इथं मात्र धैर्यशीलचं डोकं फिरलं. सांगलीजवळ माधवनगरात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता, तिथं इंजिन दुरुस्त करून ही गाडी मांडायची आणि तिच्यावर चालकाच्या नावाची पाटी बसायची होती. गाडी गेली, शेड गेलं, आता शर्यतसुद्धा त्यांच्याच आजोबांनी जिंकायची? नानासो लष्करात ड्रायव्हर होते. आबासोंना सायकलवर बसवायला दोन माणसं लागायची.

"पुरावा हाय का दादा?" वीरधवलनं हसत विचारलं. "असला तर लावू की तुमच्या नानासोंचं नाव. माझं काय जातंय?"

माझं काय जातंय! हे वाक्य धैर्यशीलला शिवीपेक्षा लागलं. त्यानं फोटो उलटा केला. मागं माधवनगरच्या कुठल्याशा स्टुडिओचा शिक्का आणि शिसपेन्सिलीत एक ओळ: जोतिबा, म्हसवड, यास एक प्रत देणे.

दुसऱ्या दिवशी धैर्यशील दुकान बंद करून म्हसवडला गेला. जोतिबा जाऊन चाळीस वर्षं झालेली, पण त्यांची लेक बनुबाई होती. नव्वदीला टेकलेली, दात दोन, नजर घारीची. सिद्धनाथाच्या देवळापासून जवळच तिचं घर. धैर्यशीलनं मोबाइलवर शूटिंग सुरू केलं आणि फोटो पुढं धरला.

"आज्जी, ह्यो कोण, वळखता का?"

"नानासो मालक की."

"तोंड तर झाकलंय."

"पाय दिसत्यात न्हवं? बुटाला नाडीच्या जागी सुतळी. आबासो मालक सुतळी बांधतील व्हय?"

धैर्यशीलला तिच्या पाया पडावंसं वाटलं. "मग गाडी हेच चालवायचे?"

"सकाळधरनं दिस मावळंस्तवर. गरागरा गरागरा. आमी पोरी फेऱ्या मोजून दमायचो."

"अन् पुढं कोण असायचं?"

"हेच पुढं, हेच मागं. दुसरं कोन जवळ बी येत न्हवतं."

धैर्यशीलनं मोबाइल आणखी जवळ धरला. "लोक जमायचे?"

"लय. रांग लागायची भांडी घिऊन."

धैर्यशीलच्या डोळ्यांपुढं चांदीचे करंडक ओळीनं उभे राहिले. "आणि तुमचे वडील?"

"त्येंच्याच हातात तर सगळं. बापानं हात वर केला की गाडी सुटायची, हात पाडला की थांबायची." बनुबाई पदर सावरून पुढं सरकली. "बसा आता बैजवार. त्या सालाची गंमतच सांगते—"

"बास, बास," धैर्यशील उठला. त्याला पाहिजे होतं ते मोबाइलमध्ये आलं होतं. उरलेली गंमत ऐकत बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण वीरधवलचं तोंड कधी एकदा बघतो असं त्याला झालं होतं. "बाकीचं स्टेजवर सांगा. मी स्वतः न्यायला येतो."

वीरधवलनं व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, "झ्याक झालं की." त्याचं तोंड काही पडलं नाही. मग धैर्यशीलनं आणखी दोन अटी घातल्या. पाटी तो स्वतः करून आणणार, आणि मैदानावरची मानाची फेरी चालकाचा नातू मारणार. वीरधवल म्हणाला, "मारा की दादा. मला ऊन बाधतंय."

मेळाव्याच्या दिवशी धैर्यशील फेटा बांधून, बनुबाईला पुढच्या सीटवर बसवून माधवनगरात उतरला. पाटी स्टीलची होती: 'चालक: कै. नानासो. अजिंक्य.' शेवटचा शब्द त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर घातला होता. पाटी स्क्रूनं नको, उद्या कुणी काढेल, म्हणून त्यानं रिबेट मारून घेतले. चारऐवजी सहा.

देवस्थळींचं भाषण झालं. दख्खनच्या विसरलेल्या शर्यतींवर बोलताना त्यांचा आवाज दोनदा भरून आला. मग त्यांनी माइक बनुबाईच्या हातात दिला.

"आमचा बाप गुळव्या," बनुबाईनं सुरुवात केली. समोर बसलेले सगळे ऊसवाले. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळात गूळ शिजवणारा कारागीर, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पहिल्या रांगेत कुणीतरी मान वर केली. धैर्यशीलनं ऐकलं, पण त्याला अजून काही कळलं नाही.

"आमास्नी घिऊन शिराळ्याला मालकांच्या गुऱ्हाळावर यायचा. त्या साली बैलांस्नी लाळ-खुरकूत झाली. उसाचा रस काढायचा चरक बैलांवर फिरायचा, त्यो बंद. ऊस वाळाय लागला. नानासो मालकांनी लिलावातनं ही गाडी आनलेली, पर हिला सरळ जायाचं ठावंच न्हाई. घराकडं घ्यावी तर वढ्याकडं जायाची. दोनदा वढ्यात पडली. आबासो मालक म्हनलं, हिला डावीकडंच वळायचं हाय न्हवं? मग जुपा तिला चरकाला, बैलाच्या जागी."

पहिल्या रांगेतले म्हातारे ऊसवाले खुर्च्या पुढं ओढून बसले.

"पयल्या दिवशी अशी सुटली म्हनता, ऊस घालनारी मानसं पळून गेली अन् रस आमच्या अंगावर! मग बापानं दांडीला दगडं बांधली. दोन गळीत काढली तिनं. घाबरायची न्हाई, चारा मागायची न्हाई. बैलापरास बरी."

देवस्थळी उठून गाडीकडं गेले. मागच्या कडीत बोट घालून बघितलं. "मग हा चष्मा?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"चुलाणाचा धूर लागायचा."

"आणि करंडक?"

"काकवी न्यायला आलेल्यांची भांडी."

देवस्थळींनी सीटखाली बोट फिरवलं, ते नाकाशी धरलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, जिभेला लावलं. "गूळ," ते म्हणाले. माइक चालूच होता.

मग मैदान जे हसलं, ते सांगलीच्या पुलापर्यंत ऐकू गेलं असेल. लोक वाईट हसत नव्हते. माणसं डोळे पुसत होती, शिट्ट्या मारत होती, नानासोंचा जयजयकार करत होती. पण धैर्यशीलला पाटीवरचा 'अजिंक्य' तेवढा दिसत होता. सहा रिबेट. ते निघत नाहीत, याची खात्री त्यानंच करून घेतली होती.

बुडत्यानं काहीतरी धरावं तसा त्यानं माइक धरला. निदान आबासो चुलाणात जाळ घालत असतील, पाला ओढत असतील.

"आज्जी, आन् आबासो काय करायचे हो?"

"ते व्हय? ते आंब्याखाली बसायचं. ऊन ऊन गूळ खायाचं."

इतक्यात मानाच्या फेरीची घोषणा झाली. नाही म्हणायला जागा नव्हती. अट त्याचीच होती. चष्मा चढवला गेला, तोंडाला फडकं बांधलं गेलं, आणि देवस्थळींच्या जीपनं पुढच्या दांड्याला दोर लावून गाडी जरा पुढं ओढली. पुढच्या क्षणी इंजिन पेटलं. दोर सुटला तशी गाडी डावीकडं वळली आणि वळतच राहिली. हिला क्लच नसतो हे देवस्थळींनी सांगितलं होतं, पण धैर्यशील तेव्हा पाटीचा विचार करत होता. मानाच्या एका फेरीच्या चार झाल्या, सात झाल्या. बनुबाई स्टेजवरून मोजत होती.

"आज्जी, हात पाडा की!" धैर्यशील प्रत्येक वळणावर ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू जात नव्हतं.

आयोजकांनी पाहुण्यांना गूळ-शेंगा वाटल्या होत्या. मैदानाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून वीरधवल सावलीत बसला होता. अकराव्या फेरीला गाडी जवळ आली तसा तो उठला, हसला, आणि प्रेमानं हात लांब करून गुळाचा एक खडा पुढं केला.

घ्यायला धैर्यशीलचा हात मोकळा नव्हता.